एक गाडी, दोन बाजार : शहरांतील गरीब वस्त्या आणि आपला भाजीपाला

शेतकऱ्याच्या बांधावर भाजी कुजते आणि शहरांतील मजुराच्या ताटांत भाजी नसते. या दोन गोष्टी वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतात. परंतु त्या एकाच दोराचीं दोन टोकें आहेत. लोणी देवकर, पळसदेव, भिगवण, निमगांव केतकी या आपल्या बाजूच्या गांवांतील बागाईतदारास पहिलें टोक चांगलेंच परिचयाचें आहे. दुसऱ्या टोकाकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे पुण्यासारख्या शहरांतील गरीब वस्त्यांस ताजी भाजी व फळें परवडेल अशा भावानें कशीं मिळावींत याचा, शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

२०२३ सालचें उदाहरण वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या वर्षीं मे महिन्यांत टोमॅटोस तोडणीचाही खर्च निघेना, म्हणून राज्यांत ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं माल रस्त्यावर ओतला. पुढें दोन महिन्यांच्या आंत, जुलैमध्यें, तोच टोमॅटो किरकोळ बाजारांत किलोस शंभर रुपयांच्या वर गेला. मे महिन्यांत पिकविणारा बुडाला आणि जुलैंत खाणारा बुडाला. ज्या व्यवस्थेंत दोघेही आळीपाळीनें बुडतात, ती व्यवस्था दोघांनीं मिळून तपासणें योग्य होय.

वस्त्यांची स्थिति

२०११ च्या शिरगणतीप्रमाणें पुणें महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती व तींपैकीं सुमारें २२ टक्के माणसें झोपडवस्त्यांत राहत होतीं. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत, भवानी पेठेंतील काशेवाडी व लोहियानगर, ताडीवाला रोड, येरवडा, हीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. या वस्त्यांत राहणारे लोक आपणांस परके नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत गांव सोडून शहर गांठलेल्या घरांची तेथें मोठी वस्ती आहे, आणि सोलापूर रस्त्यावरील कोरडवाहू मुलुखांतून गेलेलीं माणसेंही त्यांत आहेत. ज्यांच्या वडिलांनीं आपल्या शेजारच्या शिवारांत कुळव धरला, त्यांचीं नातवंडें आज दहा रुपयांच्या वांट्यांत मिळतील तेवढ्या गवारीवर भागवितात.

राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनांत दर माणशीं दर दिवशीं सुमारें ४०० ग्रॅम भाजी व १०० ग्रॅम फळें असावींत असें सांगितलें आहे. चार माणसांच्या घरास रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी लागेल. भाजीचा भाव सरासरी किलोस ४० रुपये धरला, तर रोजचे ६४ रुपये केवळ भाजीचेच झाले. हातावर पोट असलेल्या घरांत धान्य, तेल, भाडें, औषधपाणी व मुलांची शाळा यांतून उरलेल्या पैशांत भाजी घ्यावयाची असते. त्यामुळें पैसा कमी पडला कीं पहिली काट भाजीवर बसते आणि त्याहून आधीं फळांवर. याचा परिणाम शरीरावर दिसतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५४.२ टक्के, आणि पांच वर्षांच्या आंतील मुलांपैकीं ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळलीं. याचीं कारणें अनेक आहेत; परंतु हिरव्या पालेभाज्या, शेंगा व आंबट फळें यांची ताटांतील उणीव हें त्यांपैकीं एक आहे याविषयीं वैद्यांत दुमत नाहीं.

येथें एक समज दूर केला पाहिजे. बाजार जवळ असला म्हणजे भाजी मिळते, असें नाहीं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला लागूनच गरिबांची मोठी वस्ती आहे. यार्डांत पाठीवर पोतीं वाहणारे कित्येक हमाल अशाच वस्त्यांत राहतात. परंतु घाऊक बाजार पोत्यानें, क्रेटनें व शेकड्यानें विकतो. पाव किलो वांगीं घेणाऱ्याचें तेथें काम नसतें. गरिबाच्या वांट्यास येणारा भाव हा घाऊक भाव नसतो व किलोचा भावही नसतो, तो वांट्याचा भाव असतो. आणि वांट्याचा हिशेब किलोवर मांडला तर बहुधा तोच सर्वांत महाग ठरतो.

ग्राहकाच्या रुपयाचे वांटे

मग हा पैसा जातो कोठें? भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें ग्राहकानें दिलेल्या एका रुपयांतून शेतकऱ्याच्या हातीं टोमॅटोचे सुमारें ३३ पैसे, कांद्याचे ३६ पैसे व बटाट्याचे ३७ पैसे पडतात. बाकीचे दोनतृतीयांश वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, घाऊक व किरकोळ व्यापाऱ्याचा नफा आणि नासाडी यांत विभागले जातात.

या सर्वांस एकाच मापानें लुटारू म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. हातगाडीवर किंवा पाटी घेऊन बसणारी भाजीवाली पहाटे यार्डांत जाते, रिक्षाचें भाडें भरते, दिवसभर उन्हांत बसते, आणि संध्याकाळीं सुकलेला माल पडेल त्या भावानें काढून टाकते. तिचा नफा दिसतो त्याहून पुष्कळ लहान असतो. शिवाय ती आठवड्याची उधारी देते, ही गोष्ट आपण विसरूं नये. पगार होईपर्यंत मजुराच्या घरीं भाजी येते ती तिच्या वहीवर. नासाडीचा वांटा मात्र कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. लुधियान्याच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या पाहणीप्रमाणें पेरूची १५.८८ टक्के व टोमॅटोची १२.४४ टक्के नासाडी होते. म्हणजे पेरूच्या सहा पाट्या भरल्या तर जवळजवळ एक पाटी कोणाच्याही तोंडीं न लागतां मातींत जाते.

मंडईपासून आठवडे बाजारापर्यंत

पुण्याची भाजी पूर्वीं शनिवारवाड्यापुढील मैदानांत उघड्यावर विकली जात असे. १८८६ सालीं रे मार्केटची दगडी इमारत उभी राहिली. या इमारतीवर नगरपालिकेनें केलेल्या खर्चास महात्मा जोतीराव फुले यांनीं सभासद या नात्यानें विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणास पैसा नाहीं आणि इमारतीस आहे, ही गोष्ट त्यांस मान्य नव्हती. जोतीरावांचें घराणें माळ्याचें; मांजरीस त्यांची स्वतःची शेती होती. पुढें त्याच मंडईस त्यांचें नांव देण्यांत आलें. इमारत कोणासाठीं, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही शिळा झालेला नाहीं.

१९६३ च्या बाजार समिति कायद्यानें शेतमालाचा घाऊक व्यवहार नियंत्रित आवारांत आणला. उघड लिलाव, खरें वजन व वेळेवर पैसे हे त्याचे हेतु चांगले होते. परंतु कालांतरानें आवाराबाहेर विकण्याची मनाई हीच शेतकऱ्यास बेडी होऊन बसली. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला हा या बंधनांतून मोकळा केला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें संत शिरोमणि सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम सुरू झाली. सावतोबांचें अरण हें गांव भीमेच्या पलीकडे माढे तालुक्यांत, आपल्या शेजारींच आहे. मळ्यांतील भाजींत देव पाहणाऱ्या संताचें नांव या कामास दिलें हें योग्यच झालें.

या बाजारांनीं शेतकऱ्यास ग्राहकासमोर उभें केलें, हा त्यांचा मोठा लाभ. तथापि त्यांची चाल पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. शेतकऱ्यांचा गट गाडी भाड्यानें घेऊन जातो तेव्हां तो अर्थातच खिशांत पैसा असलेल्या वस्तीकडे जातो. कोथरूड, बाणेर अशा भागांत तंबू लागतो. जनता वसाहतीच्या पायऱ्यांशीं लागत नाहीं. एप्रिल २०२० मध्यें साथीमुळें मार्केट यार्ड बंद झालें, भवानी पेठ व आजूबाजूच्या पेठा बंदिस्त झाल्या, तेव्हां शेतकऱ्यांच्या गटांनीं भाजीच्या तयार पिशव्या थेट गृहसंस्थांच्या दारांत पोंचविल्या. त्या अडचणींतून थेट विक्रीचा धडा पुष्कळांनीं घेतला. परंतु ज्यांस पिशवीचे पैसे एकदम देतां येत नाहींत व ज्यांच्या वस्तीस फाटक नाहीं, तीं घरें त्याही वेळीं भाजीवालीच्याच भरंवशावर राहिलीं.

इतरत्र काय केलें

शेतकऱ्यानें थेट विकावें ही कल्पना आपल्याच देशांत अनेक ठिकाणीं रुजली आहे. चंदीगड व पंजाब येथें १९८७ पासून अपनी मंडी भरूं लागली. जानेवारी १९९९ मध्यें आंध्र प्रदेशांत रयतु बझार निघाले. तेथें रोजचा भाव घाऊक व किरकोळ यांच्या मध्यें ठरवून फळ्यावर लिहितात. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तामिळनाडूंत मदुराईहून उळवर संधै सुरू झाली; तेथें शेतकऱ्यास ओळखपत्र, बसावयास जागा व तराजू मिळतो आणि आडत द्यावी लागत नाहीं.

परंतु आमच्या प्रश्नास सर्वांत जवळचें उत्तर ब्राझील देशांतील बेलो होरिझोन्ते या शहरानें शोधिलें. १९९३ सालीं त्या शहरानें अन्नपुरवठ्यासाठीं स्वतंत्र खातें उघडलें. शहराच्या मालकीच्या मोक्याच्या जागा भाजी व धान्य विकणाऱ्यांस दिल्या. त्या बदल्यांत ठराविक वीसेक जिनसा शहरानें ठरविलेल्या कमी भावानें विकण्याची अट घातली. बाकीच्या जिनसा बाजारभावानें विकण्यास मोकळीक ठेविली. आणि ज्यांस सर्वांत चांगल्या जागा मिळाल्या, त्यांनीं आठवड्याच्या अखेरीस मालाची गाडी घेऊन कडेच्या गरीब वस्त्यांत गेलेंच पाहिजे, असा नियम केला. श्रीमंत वस्तींतील जागेचा नफा गरीब वस्तींतील फेरीस जोडून दिला, ही त्यांतील युक्ति. यांत कोणावर उपकार नाहीं व कोणाचें नुकसान नाहीं.

लोणी देवकरहून कसें करतां येईल

हीच युक्ति आपल्या रस्त्यावर लावून पाहूं. आपलें गांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारें सव्वाशें किलोमीटर. गाडीस तीन-चार तास पुरेत. समजा, पंधरा जणांच्या गटानें दीड हजार किलो माल नेणारी गाडी ६,००० रुपये भाड्यानें केली. (पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, प्रत्येकानें आपल्या वेळचे भाव घालून पाहावेत.) एकाच चांगल्या वस्तींत ७५० किलो माल खपतो असें धरलें, तर अर्धी गाडी रिकामी जाते आणि किलोमागें भाडें ८ रुपये बसतें. गाडी भरली तर तेंच भाडें ४ रुपयांवर येतें. ती उरलेली अर्धी गाडी गरीब वस्तीच्या तंबूची.

त्या तंबूंत दुसऱ्या प्रतीचा ७५० किलो माल सरासरी २० रुपयांनीं विकला तर १५,००० रुपये आले. अर्धें भाडें ३,००० व तेथील माणसांची मजुरी वगैरे ३,००० वजा जातां ९,००० उरले. किलोस १२ रुपये पडले. हाच दुसऱ्या प्रतीचा माल यार्डांत १० रुपयांनीं गेला, तर गाडीभाडें, हमाली व तोलाई जाऊन हातांत सहा रुपयेही राहत नाहींत. आतां तिसरा मार्ग पाहा : वस्तींतील भाजीवालीस तोच माल १५ रुपयांनीं द्यावा व तिनें २० नें विकावा. तेव्हां आपले ११,२५० रुपये झाले, मजुरी वांचली, भाड्याचे ३,००० वजा जातां ८,२५०, म्हणजे किलोस ११ रुपये. स्वतः विकण्यांत व तिच्यामार्फत विकण्यांत अंतर फक्त एका रुपयाचें! त्या एका रुपयांत तिची वही, तिची ओळख व तिचा रोजगार आपल्या बाजूस येतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे, कीं गरीब वस्तींत शेतकऱ्यानें भाजीवालीचा प्रतिस्पर्धी होऊन जाऊं नये, पुरवठादार होऊन जावें. पुणें बाजार समितीच्या मांजरी येथील उपबाजारांत शेतकरी आपला माल स्वतः किरकोळ विक्रेत्यांस विकतात, तें याच पद्धतीचें जवळचें उदाहरण आहे.

दुसरी प्रत म्हणजे काय, हें येथें नीट समजून घ्यावें. वांकडी काकडी, लहान पेरू, सालीस खरचटलेलें वांगें, आंखूड शेंग ही दुसरी प्रत. सडका, किडका, कालचा उरलेला किंवा नुकतीच फवारणी झालेला माल ही प्रत नव्हे. सकाळीं कोथरूडांत विकून उरलेला माल संध्याकाळीं वस्तींत नेणें हें तर अगदींच गैर. गरीब ग्राहक एकदां फसला कीं पुन्हां फिरकत नाहीं, आणि फिरकूंही नये. म्हणून दोन्ही तंबू एकाच वेळीं लागावेत. यास संध्याकाळची वेळ उत्तम. पहांटे तोडणी, सावलींत प्रतवारी, ओल्या कापडाखालीं क्रेटमध्यें भरणी, दुपारच्या सुमारास गाडी निघाली कीं पांच वाजतां विक्री सुरू. मजुराची मजुरी हातांत पडते तीही संध्याकाळींच. सकाळचा बाजार धरला तर आदल्या दिवशींची तोड न्यावी लागते. संध्याकाळच्या बाजारांत आपलें लांबचें गांवही त्याच दिवशींची भाजी देऊं शकतें.

लागवडीचा मेळही याप्रमाणें बसवावा. मेथी, कोथिंबीर, चुका, पालक यांत हवेली व पुरंदरकडील शेतकऱ्यांशीं चढाओढ करणें लांबच्यास अवघड. त्या थोड्या प्रमाणांत, दर आठ-दहा दिवसांनीं एक वाफा पेरून घ्याव्यात. भर द्यावा तो प्रवास सोसणाऱ्या मालावर : गवार, घेवडा, वांगीं, दुधी व लाल भोपळा, कोबी, कांदा, आणि विशेषेंकरून शेवगा. शेवग्यास पाणी थोडें लागतें, शेंग गाडींत टिकते, आणि त्याचा पाला पोषणांत कोणत्याही पालेभाजीस हार जाणार नाहीं. फळांत पेरूसारखें गरिबाचें फळ दुसरें नाहीं. त्यांतील क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतें. सरदार या नांवानें आपण ओळखतों ती लखनौ ४९ जात पुण्याच्या गणेशखिंड बागेंतच निवडली गेली, ही जाणण्यासारखी गोष्ट आहे. ऊस मोडून हें करा असें आमचें म्हणणें नाहीं. पंधरा जणांनीं प्रत्येकीं पांच गुंठे दिले तर पंचाहत्तर गुंठे होतात. पेरूच्या व केळीच्या बागा आहेतच. एवढ्यावर आठवड्याची एक गाडी सुरू करण्यास हरकत नाहीं.

शंका व त्यांचें निरसन

कोणी म्हणतील, जागा कोण देणार? आठवडे बाजारास जागा देतांना महानगरपालिकेनें व पणन मंडळानें बेलो होरिझोन्तेप्रमाणें जोडीनेंच जागा द्यावी : एक चांगल्या वस्तींत, एक गरीब वस्तींत, दुसरी चालविली तरच पहिली टिकेल. ही मागणी शेतकऱ्यांच्या संघांनींच पुढें होऊन करावी. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानें प्रत्येक शहरांत नगर पथविक्रेता समिति नेमावयाची आहे. भाजीवालीची जागा कायम होण्याचा मार्ग तोच असून, तिला आपला पाठिंबा असणें आपल्याही फायद्याचें आहे.

दुसरी शंका, वस्तींत खप अनिश्चित राहील. त्यास उपाय ठरलेल्या गिऱ्हाइकाचा. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें १९५५ सालीं निघालेल्या हमाल पंचायतीनें १९७४ मध्यें कष्टकऱ्यांसाठीं कष्टाची भाकर हें स्वस्त जेवणाचें केंद्र काढलें. अशीं स्वयंपाकघरें, शाळेंतील दुपारचें जेवण रांधणारे बचतगट, मजुरांच्या खानावळी, यांस दर आठवड्याला ठराविक माल ठराविक भावानें देण्याचा करार केला तर गाडीचा पाया पक्का होतो. वर्षभर एकच मध्यम भाव ठेवावा; मे महिन्यांत तो आपणांस तारील, जुलैंत त्यांस तारील.

तिसरी शंका जरा निराळी आहे : शहरानें आमचें काय केलें कीं आम्ही त्याची चिंता वाहावी? ही तक्रार निराधार नाहीं. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर यांचें पाणी शहर आधीं पितें. तोच कालवा दौंडावरून इंदापुराकडे येतो आणि शहराची तहान वाढली कीं शेवटच्या टोंकास आपली पाळी लांबते. वापरलेलें पाणी मुळा-मुठेंतून भीमेंत व भीमेंतून उजनींत येऊन पुन्हां आपल्याच वांट्यास येतें. या गोष्टीबद्दल भांडणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु पर्वतीच्या उतारावर घागर घेऊन नळापाशीं रांगेंत उभी राहणारी बाई तें पाणी पळवीत नाहीं. तिचीही पाळी लांबलेलीच असते. पाण्याच्या भांडणांत ती आपली प्रतिपक्षी नव्हे, आणि भाजीच्या व्यवहारांत तर ती आपलें सर्वांत मोठें गिऱ्हाईक होऊं शकते. श्रीमंत गिऱ्हाईक चार आहेत आणि त्यांच्यामागें दहा दुकानें धांवत आहेत. गरीब गिऱ्हाईक लाखांनीं आहेत आणि त्यांच्यामागें कोणीच धांवत नाहीं. व्यापारी दृष्टीनेंही हा विचार करण्याजोगा आहे.

शेतकरीबंधूंनीं येत्या हंगामापूर्वीं आपापल्या गांवांत दहा-पंधरा जणांनीं बसून पुढील तीन गोष्टी ठरवाव्यात : कोणीं किती गुंठे द्यावयाचे, दुसऱ्या प्रतीचा माल कसा वेगळा काढावयाचा, आणि पुण्यांतील कोणत्या एका वस्तीशीं व तेथील कोणत्या भाजीवाल्यांशीं बोलणें लावावयाचें. एका वस्तीनें आरंभ करावा. सहा महिने हिशेब चोख ठेवावा. तोटा आला तर तो कोठें आला हें पाहून दुरुस्त करावें. बांधावर भाजी टाकून देण्याचा तोटा तर आपण आजवर हिशेबाशिवायच सोसत आलों आहों.